अंडं की धोंडा?

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एका इमारतीचा पाया खणत होते. तिथून भाच्याने सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून एक गोल धोंडा आणला. "मामा, डायनासोरचं अंडं!" नारळाएवढा, तपकिरी, वर तडकलेलं कवच. फसावं असाच होता.

नखाने टोकरलं तर पापुद्रा सुटला. खाली दुसरा, त्याखाली तिसरा, आणि आत काळाकुळकुळीत गाभा. नाशिककराला कांदा ओळखायला शिकवावं लागत नाही. डायनासोरच्या अंड्याचं कवच साधारण दोन-एक मिलिमीटरचं, बारीक छिद्रांचं आणि चुनखडीचं, म्हणून सौम्य आम्लाचा थेंब टाकला की सहसा फसफसतं. आमच्या धोंड्यावर थेंब टाकला. ढिम्म.

तो बेसाल्ट होता. या खडकाला उभ्या-आडव्या भेगा पडतात, त्यांतून पाणी झिरपतं आणि चौकोनी ठोकळ्याच्या कडा-कोपरे आधी कुजतात, कारण तिथे पाणी एकाहून अधिक बाजूंनी भिडतं. होता होता ठोकळ्याचा चेंडू होतो. मुरमाच्या कुठल्याही खाणीत असे गोळे डझनांनी दिसतील.

खरं तर नाशिकमध्ये डायनासोरचं हाड शोधणं म्हणजे तव्यावर मासे शोधणं. पांडवलेणी ज्यात कोरली तो खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे डायनासोर संपले त्याच सुमाराचा. (लाव्हाने संपवले की मेक्सिकोत आदळलेल्या अशनीने, यावर भांडण आहे, पारडं अशनीकडे झुकतं.) हाड टिकायला ते गाळात पटकन पुरलं जावं लागतं, आणि इथे शेकडो मीटर लाव्हाच साचलेला.

पण आपली गंगा, म्हणजे गोदावरी, ब्रह्मगिरीच्या या काळ्या दगडातून निघून गडचिरोलीतल्या सिरोंच्याला पोचते तेव्हा खालचा खडक पार बदललेला असतो. तिथल्या प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात १९५८ ते १९६१ दरम्यान हाडांचा खजिना निघाला. खणणारी संस्था कुठली, तर कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था! आकडेमोडीच्या या संस्थेत तिचे संस्थापक महालनोबिस यांनी भूशास्त्रही आणलं होतं. त्यातल्या एका डायनासोरच्या मांडीचं हाड १.७ मीटर, उभ्या माणसाएवढं, म्हणून नाव 'बारापासॉरस', म्हणजे मोठ्या पायाचा (इथला 'बारा' आकडा नव्हे, 'बडा'). पुढचं 'टागोराय' हे रवींद्रनाथांसाठी. १९६१ हे त्यांचं जन्मशताब्दी वर्ष. हा जीव नाशिकच्या लाव्हाहून १० कोटी वर्षांनी तरी जुना. डोकं मात्र सापडलं नाही, नुसते दात मिळाले.

मला स्वतःला त्याहून भावतं ते चंद्रपूर जिल्ह्यातलं, वरोऱ्याजवळचं पिजदुरा. शास्त्रज्ञ पिसदुरा लिहितात. तिथे डायनासोरच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. डायनासोरच्या काळात गवत नव्हतं, असंच पूर्वी धरून चालत. मग लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी हे गोळे विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. आत सिलिकाचे सूक्ष्म कण दिसले. उसाचं पातं हाताला कापतं ते अशाच कणांमुळे. पान कुजलं तरी ते कुजत नाहीत, आणि गवताच्या कणांचे आकार ओळखता येतात. ते गवताचेच निघाले. २००५ साली हे छापून आलं. पुढच्या अभ्यासात काही कण भाताच्या भाऊबंदांचे असल्याचं दिसलं. सगळी पुस्तकं शेणाने दुरुस्त केली, असं म्हणायला हरकत नाही.

हे ऐकून भाच्याने धोंडा तुळशीपाशी ठेवून दिला. अंडं नाही म्हटल्यावर तासभर रुसला होता. संध्याकाळी पुन्हा आला आणि म्हणाला, "मामा, वरोऱ्याला एसटी जाते का?"