डिझेल हीटर पेटत नसेल तर आधी वायर बघा

"डिझेल हीटरला करंट लागतोच किती, तो तर डिझेलवर चालतो, कुठलीही वायर ओढा" हे कॅम्पर व्हॅनच्या रील्समध्ये हल्ली इतक्या वेळा ऐकलंय की यावर एकदा नीट लिहायलाच हवं. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर घ्यायची, सीटा काढून बेड टाकायचा आणि स्पितीला नाहीतर लडाखला निघायचं हे आता आपल्याकडचेही बरेच जण करतात, आणि तिकडे उणे तापमानात गाडीत झोपायचं तर हीटर लागतोच.

त्या वाक्यातलं अर्धं खरं आहे. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांचे असे हीटर ट्रकवाले कधीपासून वापरतायत आणि आता त्याच धर्तीचे चिनी हीटर खूप स्वस्तात मिळतात. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 10 किलोवॉट-तास ऊर्जा असते, त्यामुळे 2 किलोवॉटचा हीटर फुल चालवला तरी तासाला पाव लिटरच्या आसपास पितो, आणि एकदा पेटला की वीज फक्त पंख्याला आणि टिक-टिक करणाऱ्या छोट्या पंपाला लागते, म्हणजे एक-दोन अँपिअर. पण तो पेटायच्या आधीचं काय? थंडगार डिझेल असंच पेट घेत नाही, आधी त्याची वाफ व्हावी लागते, आणि त्यासाठी आत एक ग्लो प्लग असतो तो सुरुवातीची दोन-तीन मिनिटं 8 ते 10 अँपिअर ओढतो. सगळा खेळ या दोन-तीन मिनिटांत आहे.

आता शाळेतला ओहमचा नियम घ्या. बॅटरी मागे, हीटर पुढच्या सीटखाली, मध्ये 5 मीटर अंतर. करंट जातो तसा परतही येतो, म्हणजे वायर झाली 10 मीटर. घरात दिव्याच्या पॉइंटला टाकतात ती दीडची (1.5 चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर घेतली तर 10 मीटरचा रोध येतो साधारण 0.115 ओहम. ऐकायला काहीच नाही. पण त्यातून 10 अँपिअर गेले की 1.15 व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. घरात याच वायरीतून एवढाच करंट गेला तर 230 मधले 1.15 गेले, म्हणजे अर्धा टक्का, कुणाला पत्ताही लागत नाही, पण गाडीत 12 मधले 1.15 गेले म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा गेला! वायर तीच, करंट तोच, फरक फक्त आपण किती व्होल्टपासून सुरुवात केली याचा. म्हणूनच घरचं वायरिंग वर्षानुवर्षं करणारा चांगला वायरमनसुद्धा इथे फसतो.

पुढे अजून आहे, कारण ग्लो प्लगची उष्णता व्होल्टच्या वर्गावर ठरते. प्लगचा रोध 1.2 ओहम धरा, थेट 12 व्होल्ट मिळाले तर 120 वॉट, आणि मध्ये ती दीडची वायर आली की करंट 9.1 अँपिअरवर येतो आणि प्लगमध्ये उरतात 100 वॉट. (गरम झाल्यावर प्लगचा रोध वाढतो, त्यामुळे खरा हिशोब थोडा वेगळा निघतो, पण दिशा हीच.) म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ऊब हवी तिथेच सहावा हिस्सा गायब. त्यात थंडीने बॅटरी लोडवर 11.6 पर्यंत बसली असेल तर हीटरच्या टोकाला पोचतात 10.6, आणि 10.5 च्या आसपास बहुतेक हीटरचा कंट्रोलर लो व्होल्टेज म्हणून काम थांबवतो. किंवा त्याहून वाईट, थांबत नाही, डिझेल टाकत राहतो, ते अर्धवट पेटतं आणि बाहेर पांढरा धूर. मग लोक ग्लो प्लग बदलतात, पंप बदलतात, बोर्ड बदलतात, आणि दोष तसाच वायरीत बसून असतो.

आणि तो सापडत का नाही ते बघा, मला हे फार आवडतं. हीटर बंद असताना मीटर लावला की 12.6 दिसतात, सगळं ओके. करंटच नाही तर रोध कितीही असो, गुणाकार शून्य. वायरीतली चूक करंट वाहतानाच दिसते, तो थांबला की ती पुसली जाते. म्हणून मोजायचं ते हीटर चालू केल्यावर पहिल्या मिनिटात, ग्लो प्लग तापत असताना, एकदा बॅटरीच्या टोकांवर आणि एकदा हीटरला वायर जिथे जोडली जाते त्या कनेक्टरवर, आणि फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. 5 मीटर अंतराला चारची वायर घेतली तर 0.43 व्होल्ट जातात, सहाची घेतली तर 0.29. जोड पिळून टेप मारलेले असतील तर जाड वायरही वाया, कारण एका खराब लगचा (वायरीच्या टोकाला दाबून बसवतात त्या धातूच्या टोपीचा) रोध 0.05 ओहम असला तरी अर्धा व्होल्ट तिथेच जातो आणि त्या नखाएवढ्या जागेत 5 वॉट उष्णता होते. निगेटिव्ह पण बॉडीला न लावता बॅटरीपर्यंत न्या. फ्यूज किटमध्ये दिलाय तेवढाच, बहुतेक 15 किंवा 20 अँपिअरचा, आणि बॅटरीच्या अगदी जवळ, कारण फ्यूज वायरीला वाचवायला असतो, हीटरच्या तोंडाशी लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहिली.

सप्लाय इग्निशनवरून किंवा सोलर कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवरून घेऊ नका, तिथे तो मध्येच तुटू शकतो. हीटर बंद केला की तो लगेच बंद होत नाही, उरलेलं डिझेल जाळतो आणि काही मिनिटं पंखा चालवून स्वतःला थंड करतो. मध्येच करंट तोडला तर चेंबरची उष्णता मागे मोटर आणि बोर्डापर्यंत जाते आणि दोन्हीचं आयुष्य कमी होतं. बंद करायचं ते हीटरच्याच बटणाने.

खोक्यावरच्या "8 किलोवॉट"वर विश्वास ठेवू नका. 8 किलोवॉट ऊब द्यायची तर तासाला जवळपास एक लिटर डिझेल जाळावं लागेल, आणि त्याच खोक्यावर खप अर्धा लिटर लिहिलेला असतो. ऊर्जा कुठून येणार?

स्पितीतल्या काझासारख्या 3,600 मीटरवरच्या गावात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो. पंप मात्र दर टिक-टिकीला तेवढंच डिझेल टाकतो, त्यामुळे हवा कमी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. कंट्रोलरमध्ये सोय असेल तर उंचीवर पंपाची गती कमी करा. एक्झॉस्टचा पाइप गाडीच्या बाहेर, खिडकी-दारापासून लांब काढा आणि त्याचे क्लॅम्प दर सीझनला तपासा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, डोकं दुखणं आणि मळमळ ही त्याची लक्षणं उंची लागल्यासारखीच, आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर फसतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, तो 97-98 दाखवत राहतो. कापराची पुडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो असं सांगणारे अजूनही आहेत, कापराने तसं काहीही होत नाही, उंचीवरही नाही आणि बंद गाडीत तर अजिबातच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, स्वतःच्या सेलवर चालणारा, म्हणजे गाडीची बॅटरी बसली तरी तो चालू राहील, आणि तो झोपायच्या जागेजवळ लावा.