फुलमेटल अल्केमिस्ट : २००३ ची मालिका आणि ‘ब्रदरहूड’

हिरोमु अराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या जपानी मांगावर (चित्रकथेवर) बोन्स या एकाच स्टुडिओने केलेल्या दोन ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका. पहिली ५१ भागांची. ती ऑक्टोबर २००३ ते ऑक्टोबर २००४ या काळात प्रसारित झाली आणि तिचे दिग्दर्शन सेइजी मिझुशिमा यांनी केले. दुसरी ६४ भागांची, ‘ब्रदरहूड’ या नावाने ओळखली जाणारी. ती एप्रिल २००९ मध्ये सुरू होऊन जुलै २०१० मध्ये संपली. तिचे दिग्दर्शक यासुहिरो इरिए. जुनी मालिका आणि तिची पुनर्निर्मिती यांची तुलना निघाली की चाहते सर्वांत आधी याच जोडीचे नाव घेतात, आणि त्यात वावगे काही नाही.

दोन्हींचा आरंभ एकच आहे. ॲमेस्ट्रिस नावाच्या लष्करशाही देशात एडवर्ड आणि अल्फॉन्स हे दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेने परत आणू पाहतात. प्रयोग फसतो. एडवर्डचा पाय जातो, अल्फॉन्सचे सारे शरीर जाते आणि भावाचा आत्मा लोखंडी चिलखतात अडकवताना एडवर्ड हातही गमावतो. पुढचा सगळा प्रवास शरीरे परत मिळवण्यासाठी, परिसाच्या शोधात.

पहिली मालिका आली तेव्हा ‘मंथली शोनेन गांगान’ मासिकात मांगा सुरू होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. वर्षभर दर आठवड्याला भाग दाखवायचे तर कथा अपुरी पडणार हे उघड होते. म्हणून मिझुशिमा आणि पटकथेची धुरा सांभाळणारे शो आइकावा यांनी स्वतःचा उत्तरार्ध रचला. मालिकेने वेगळा शेवट करावा, अशी अराकावा यांचीही इच्छा होती. ‘ब्रदरहूड’ला ही अडचण नव्हती. मांगाचे शेवटचे प्रकरण जून २०१० मध्ये छापून आले आणि मालिकेचा शेवटचा भाग ४ जुलैला दाखवला गेला. त्यामुळे ‘ब्रदरहूड’ मांगाशी अधिक प्रामाणिक आहे हे खरे. पण पहिलीला ‘चुकलेली आवृत्ती’ म्हणणे अन्यायाचे आहे.

फरकाचे मूळ होमंक्युलस या कृत्रिम माणसांत आहे. मांगात आणि ‘ब्रदरहूड’मध्ये ते ‘फादर’ या एकाच खलनायकाने स्वतःतून वेगळे काढलेले सात दुर्गुण आहेत. पहिल्या मालिकेत मात्र मेलेल्या माणसाला परत आणण्याच्या प्रत्येक फसलेल्या प्रयत्नातून एक होमंक्युलस जन्मतो. स्लॉथ हा ‘ब्रदरहूड’मध्ये भुयार खणणारा आळशी राक्षस आहे, २००३ मध्ये स्लॉथला त्या दोघांच्या आईचा चेहरा आहे, कारण तिला त्यांनीच घडवले. आईच्या रूपातल्या या बाईशी लढण्याची वेळ मुलांवर येते, आणि त्या प्रसंगातली जीवघेणी कोंडी दुसऱ्या मालिकेत कुठेही नाही.

भावांची बालमैत्रीण विनरी हिच्या आईवडिलांच्या मृत्यूचेही तसेच. इश्वालच्या युद्धात शत्रूच्या जखमींवर उपचार करणाऱ्या या डॉक्टर दांपत्याला पहिल्या मालिकेत लष्करी अधिकारी रॉय मस्टँग वरिष्ठांच्या हुकुमावरून गोळ्या घालतो. ‘ब्रदरहूड’मध्ये, मांगाप्रमाणे, त्यांना मारतो तो त्यांचाच रुग्ण, स्कार. पहिल्या मांडणीत आपल्या आवडत्या अधिकाऱ्याचे हात रक्ताने माखतात. दुसरीत विनरीला त्या मारेकऱ्यासमोर उभे राहावे लागते आणि पुढे ती त्याच्या जखमेवर पट्टी बांधते. इथे मला दुसरी मांडणी अधिक समर्थ वाटते, कारण विनरीला स्वतःचा निर्णय मिळतो.

गतीच्या बाबतीत मात्र ‘ब्रदरहूड’चा पूर्वार्ध कमी पडतो. प्रेक्षकांनी हा भाग आधी पाहिलाच आहे, हे गृहीत धरून तो पळतो. निना टकर ही चिमुरडी ‘ब्रदरहूड’मध्ये चौथ्या भागात येते आणि त्याच भागात संपते. पहिल्या मालिकेत दोघे भाऊ सरकारी किमयागाराच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी तिच्या घरी राहतात, तिच्याशी खेळतात. बापाने तिला कुत्र्याशी जोडून एक विचित्र प्राणी बनवल्याचे कळते तेव्हा घरातलेच कोणी गेल्यासारखे होते. मस्टँगचा मित्र ह्यूज याचा मृत्यू ‘ब्रदरहूड’मध्ये दहाव्या भागात, पहिलीत पंचविसाव्या. माणूस पुरेसा ओळखीचा झाल्यावर गेला तर तो जास्त सलतो.

उत्तरार्धात पारडे फिरते. शिंग देशातले लिंग याओ आणि लान फान, उत्तरेच्या किल्ल्यातली ऑलिव्हिए आर्मस्ट्राँग ही पात्रे पहिल्या मालिकेत नाहीतच. त्यांच्यामुळे ‘ब्रदरहूड’चे जग विस्तारते आणि शेकडो धागे एका दिवसाच्या लढाईत जुळून येतात. पहिलीचा शेवट किमयेच्या गूढ दारापलीकडे आपल्याच जगातल्या विसाव्या शतकातील युरोपात उतरतो: अल्फॉन्सला शरीर मिळते, पण प्रवासाची आठवण जाते, आणि भाऊ दोन जगांत विभागले जातात. हा धागा २००५ च्या चित्रपटात १९२३ च्या म्युनिकपर्यंत जातो. ‘समतुल्य विनिमय’ या किमयेच्या नियमावर पहिली मालिका अविश्वास दाखवते. कष्ट केले म्हणून फळ मिळेलच असे नाही, हे ती मुलांना कठोरपणे ऐकवते. ‘ब्रदरहूड’मध्ये एडवर्ड आपली किमयाच देऊन टाकतो आणि भावाला परत आणतो, नंतर दोघे ठरवतात की दहा मिळाले तर त्यात एक घालून अकरा परत द्यायचे.

एडवर्डला रोमी पार्क आणि अल्फॉन्सला रिए कुगिमिया यांचाच आवाज दोन्हीकडे आहे, रॉय मस्टँगचा मात्र बदलला. संगीत पहिल्या मालिकेला मिचिरु ओशिमा यांचे, दुसरीला अकिरा सेंजू यांचे.

अशी पुनर्निर्मिती पुढे इतरांनीही केली. ‘फ्रुट्स बास्केट’ची २००१ ची २६ भागांची मालिका मांगा पूर्ण होण्याआधीच थांबली होती, २०१९ ते २०२१ दरम्यान पूर्ण कथा पडद्यावर आली. ‘हंटर × हंटर’ २०११ मध्ये मॅडहाउस या स्टुडिओने नव्याने सुरू करून १४८ भागांपर्यंत नेली, पण तिथे मूळ मांगाच अपूर्ण असल्याने शेवट तिलाही गाठता आला नाही.