कलमरक्षक प्रतिपिंडे (उंदरातील)

एका उंदराची त्वचा, हृदय, अर्बुद (गाठ) किंवा अन्य ऊतक जननिक दृष्ट्या भिन्न असलेल्या दुसऱ्या उंदरावर रोपले, तर ते सामान्यतः दोन आठवड्यांच्या आत नाकारले जाते. हा अस्वीकार लांबवण्यासाठी किंवा टाळण्यासाठी ग्राहक उंदराला बाहेरून प्रतिपिंडे (परक्या पदार्थांना चिकटणारी रक्तातील प्रथिने, अँटिबॉडी) देण्याच्या पद्धतींचा विचार या नोंदीत केला आहे. मराठीत ‘उंदीर’ हा शब्द माऊस आणि रॅट या दोन्ही प्राण्यांना लावला जातो. येथे तो पहिल्यासाठीच योजला असून दुसऱ्याला रॅट असेच म्हटले आहे. ही दक्षता केवळ भाषिक नाही, कारण रॅटमध्ये सहज मिळालेले परिणाम उंदरात तितक्या सहजपणे मिळत नाहीत.

वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचे दोन गट पडतात. पहिल्या गटातील प्रतिपिंडे कलमावरील, म्हणजे रोपलेल्या ऊतकावरील, प्रतिजनांशी (शरीर परके म्हणून ओळखते त्या रेणूंशी) जोडली जातात, तर दुसऱ्यातील ग्राहकाच्याच लसीका पेशींशी (कलम नाकारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींशी). पहिला गट ऐतिहासिक दृष्ट्या जुना असून त्याच्या उगमाबद्दल व कार्यपद्धतीबद्दल मतभेद आहेत.

पहिल्या गटाच्या कलमरक्षक परिणामाचा उगम पुष्कळदा 1907 पर्यंत मागे नेला जातो. त्या वर्षी सायमन फ्लेक्सनर व जेम्स जॉब्लिंग यांना असे आढळले की, उष्णता दिलेल्या अर्बुदाचा लगदा आधी टोचलेल्या रॅटमध्ये नंतर रोपलेले अर्बुद रोखले जाण्याऐवजी अधिक जोमाने वाढते. 1930 नंतरच्या दशकात ॲल्बर्ट केसी यांनी सशांच्या अर्बुदांवर काम करताना अशीच निरीक्षणे नोंदवली. तथापि या दोन्ही कामांत प्रतिपिंडांचा सहभाग दाखवलेला नव्हता आणि वापरलेले प्राणी शुद्ध वाणाचे नव्हते. त्यामुळे त्यांना पूर्वसूचना मानावे आणि प्रत्यक्ष शोधाचे श्रेय अमेरिकेतील मेन राज्यातील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेतील कामाला द्यावे, हे अधिक ग्राह्य वाटते. तेथे जॉर्ज स्नेल यांनी शीतशुष्क (गोठवून वाळवलेली) ऊतके टोचून मिळणारा परिणाम अभ्यासला होता, आणि 1952 मध्ये नेथन कॅलिस व मोलोमट यांनी तो रक्तरसातून (रक्तातील पेशीविरहित द्रवातून) एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेता येतो हे दाखवले. ‘ए’ वाणात उद्भवलेले सार्कोमा-1 हे अर्बुद ‘सी57बीएल/6’ वाणाच्या उंदरात एरवी वाढून पुन्हा विरून जाते. परंतु त्या उंदराला अर्बुददात्याच्या ऊतकांविरुद्धचा प्रतिरक्तरस (प्रतिपिंडयुक्त रक्तरस) आधी दिला, तर अर्बुद वाढत राहते. कलम ‘यशस्वी’ होणे म्हणजे येथे ग्राहकाचा मृत्यू होणे होय, हे निष्कर्ष वाचताना विसरता कामा नये. या परिणामाला कॅलिस यांनी प्रतिक्षमताजन्य संवर्धन या अर्थाची संज्ञा रूढ केली.

निरोगी ऊतकांच्या बाबतीत चित्र बरेच फिके आहे. रूपर्ट बिलिंगहॅम, लेस्ली ब्रेंट व पीटर मेडावर यांनी 1956 मध्ये उंदरांच्या त्वचाकलमांवर हाच प्रयोग केला, तेव्हा कलमांचे आयुष्य वाढले खरे, पण ते काही दिवसांनीच. याउलट रॅटच्या मूत्रपिंड-कलमांत फ्रँक स्टुअर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 मध्ये दात्याच्या पेशी व त्यांविरुद्धची प्रतिपिंडे एकत्र देऊन दीर्घकाळ टिकणारा परिणाम मिळवला.

प्रतिपिंड कलमाचे रक्षण नेमके कोठे करते, याविषयी तीन मते मांडली गेली. अभिवाही मतानुसार प्रतिपिंड कलमाचे प्रतिजन झाकते व त्यांची वर्दी लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचू देत नाही. अपवाही मतानुसार वर्दी पोहोचते, पण तयार झालेल्या मारक पेशींना लक्ष्य सापडत नाही. मध्यवर्ती मतानुसार प्रतिपिंड ग्राहकाच्या प्रतिक्षम यंत्रणेलाच आवर घालते. पहिली दोन मते समजायला सोपी असली, तरी कलमाचे सर्व प्रतिजन दीर्घकाळ झाकून ठेवणे अल्प रक्तरसाला शक्य दिसत नाही. म्हणून मध्यवर्ती मताचे पारडे थोडे जड मानले जाते. शिवाय तेच प्रतिपिंड कलमाचा घातही करू शकते. उंदरावर लावलेल्या रॅटच्या त्वचेविरुद्धचा प्रतिरक्तरस सशाच्या पूरक प्रथिनांसह (प्रतिपिंड जोडलेल्या पेशी नष्ट करणाऱ्या रक्तातील प्रथिनांसह) दिला असता ती त्वचा झपाट्याने नष्ट होते, हे हेन्री विन व सहकाऱ्यांनी 1973 मध्ये दाखवले. उंदराची स्वतःची पूरक प्रथिने तुलनेने दुर्बल असतात, आणि उंदरात संवर्धन दिसून येण्यामागे हेही एक कारण असावे.

दुसऱ्या गटाची सुरुवात लसीकापेशीरोधी रक्तरसाने झाली. पेशींविरुद्ध असा रक्तरस करण्याची कल्पना एली मेचनिकॉव्ह यांच्या 1899 च्या सुमाराच्या कामापर्यंत जाते. कलमाचे आयुष्य वाढवण्यासाठी तिचा प्रभावी उपयोग मायकेल वुड्रफ व अँडरसन यांनी 1963 मध्ये रॅटमध्ये केला. उंदरासाठी हा रक्तरस सशाला उंदराच्या लसीका पेशी टोचून तयार करतात. राफाएल लेव्ही व मेडावर यांनी 1966 मध्ये तो वापरून त्वचाकलमे कित्येक आठवडे टिकवली. त्याच सुमारास बॉस्टनमध्ये अँथनी मोनॅको, मेरी वुड व पॉल रसेल यांनीही तसेच निष्कर्ष काढले. यौवनलोपी ग्रंथी (थायमस) काढून टाकलेल्या उंदरात परिणाम आणखी लांबतो, यावरून रक्तरसाचा रोख मुख्यतः त्या ग्रंथीत घडणाऱ्या टी पेशींवर (लसीका पेशींच्या एका प्रकारावर) असल्याचे स्पष्ट झाले. मात्र प्रत्येक सशाचा रक्तरस वेगळा निघत असल्याने दोन प्रयोगशाळांच्या निष्कर्षांची तुलना करणे अवघड होते.

ही अडचण गेऑर्ग कोलर व सेझार मिलस्टीन यांच्या 1975 मधील मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून एकसारखी प्रतिपिंडे मिळवण्याच्या) तंत्रामुळे दूर झाली. स्टीफन कॉबोल्ड, हर्मन वॉल्डमन व सहकाऱ्यांनी 1984 मध्ये उंदरातील टी पेशींचे उपप्रकार निवडून काढून टाकता येतात हे दाखवले. टेरी स्ट्रॉम यांच्या गटाने 1985 मध्ये इंटरल्युकिन-2 या टी पेशींची वाढ घडवणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहीविरुद्धच्या (त्याला पकडणाऱ्या पृष्ठरेणूविरुद्धच्या) प्रतिपिंडाने हृदयकलमांचे आयुष्य वाढवले. हे हृदय पोटात जोडलेले असते व ते चालू आहे की नाही हे बोटांनी चाचपून ठरवतात. पेशी नष्ट न करता टी पेशींवरील सीडी4 व सीडी8 रेणू केवळ अडवणारी प्रतिपिंडे अधिक महत्त्वाची ठरली. 1993 मध्ये वॉल्डमन यांच्या गटाने दाखवले की, अशा उपचाराने कलम स्वीकारलेल्या उंदरात नव्याने सोडलेल्या निरोगी टी पेशी ते कलम नाकारत नाहीत, उलट पुढे त्याच इतरांना आवरतात. याला त्यांनी संसर्गजन्य सहनशीलता म्हटले. येथे दाता व ग्राहक केवळ गौण (तुलनेने सौम्य अस्वीकार घडवणाऱ्या) प्रतिजनांत भिन्न होते.

प्रतिजन ओळखल्यावरही सक्रिय होण्यासाठी टी पेशींना लागणारा दुय्यम संकेत अडवणाऱ्या प्रतिपिंडांपैकी सीडी40 या रेणूच्या जोडीदार रेणूविरुद्धचे, हॅमस्टरपासून मिळवलेले एमआर1 हे सर्वांत परिचित आहे. अमेरिकेतील वूस्टर येथे 1995 मध्ये दात्याच्या पेशींसह ते देऊन स्वादुपिंडातील लँगरहान्स द्वीपकांची (इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशीपुंजांची) कलमे टिकवण्यात आली. 1996 मध्ये ख्रिश्चन लार्सन व सहकाऱ्यांनी सीटीएलए4-आयजी या, दुय्यम संकेताचा आणखी एक मार्ग अडवणाऱ्या, संकरित प्रथिनासह ते वापरले आणि मुख्य प्रतिजनांतही भिन्न असलेली त्वचा दीर्घकाळ टिकवली. हे यश वाणावर अवलंबून असते. सी57बीएल/6 वाणाचे उंदीर, मुख्यतः त्यांच्या सीडी8 पेशींमुळे, या उपचाराला तितकीशी दाद देत नाहीत. माणसांवरील चाचण्यांत याच रेणूविरुद्धच्या प्रतिपिंडाने रक्ताच्या गुठळ्या होऊ लागल्याने त्या थांबवाव्या लागल्या. मानवी प्लेटलेटवर प्रतिपिंडाचे शेपूट पकडणारी जी ग्राही असते, ती उंदराच्या प्लेटलेटवर नसल्यामुळे हा धोका उंदरांतील प्रयोगांत दिसलेला नव्हता. पुढच्या पिढीतील प्रतिपिंडांचे शेपूट म्हणूनच बदललेले असते.