किंग्ज घ्यावी की आयपीए?
(आमच्या टेबलावर ठेवलेला कागद. बिअर येईपर्यंत वाचा.)

कोल्हापूर, बेळगाव, पुण्याकडची मंडळी गोव्यात उतरली की पहिली किंग्ज, म्हणजे इथली गोव्याची बिअर, मागवतात. दुसऱ्या फेरीला कुणीतरी आमच्या नळावरची आयपीए (इंडिया पेल एल) मागवतं, एक घोट घेतं आणि काउंटरवर येतं: "ही एवढी कडू का? आणि किंग्जपेक्षा एवढी महाग कशी?" गर्दीत नीट उत्तर देता येत नाही. म्हणून हा कागद.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. किंग्ज आम्हीही पितो, आमच्या फ्रीजमध्ये ती कायम असते. ती पिल्सनर, म्हणजे लागर जातीची बिअर. लागरचं यीस्ट थंडीत, साधारण १० अंशांच्या आसपास, सावकाश काम करतं आणि मागे स्वतःची चव फारशी ठेवत नाही. कडूपणा देणारी हॉप्सची फुलंही बेताचीच. त्यामुळे बिअर हलकी, स्वच्छ, घशाखाली सहज उतरणारी होते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता समुद्रावरून आलेल्या माणसाला याहून जास्त काही नको असतं. अशी बिअर वर्षानुवर्षं एकाच चवीची काढणं सोपं नाही. हलक्या बिअरमध्ये चूक लपत नाही.

आयपीएचं काम वेगळं. तिचं यीस्ट एल जातीचं, १८ ते २० अंशांच्या उबेत काम करणारं, त्यातून थोडा फळांचा वास येतो. पण खरा खेळ हॉप्सचा. हॉप्स ही एका वेलीची फुलं. उकळताना टाकली की कडूपणा देतात, बिअर आंबून झाल्यावर थंडीत टाकली की नुसता वास देतात: संत्र्याच्या सालीचा, आंब्याचा, कधी पाइनच्या डिंकाचा. साध्या लागरला लिटरमागे एखाद-दीड ग्रॅम हॉप्स पुरतात. वासाच्या आयपीएला आठ-दहा ग्रॅमही लागतात. आपल्याकडे हॉप्स हिमाचलात लाहौलला थोडे पिकतात, बाकी बहुतेक परदेशातून येतात. शिवाय फुलं बिअर शोषून घेतात, टाकीतली काही बिअर गाळातच जाते. बिलातल्या फरकाचा मोठा भाग इथेच आहे. उरलेला भाग टाकी लहान असल्याचा: थोडी बिअर काढली की लिटरमागे खर्च वाढतो.

आता "स्ट्राँग आहे का?" हा प्रश्न. महाराष्ट्रातून येणारे हमखास विचारतात. कडू म्हणजे स्ट्राँग नव्हे. स्ट्राँग हा अल्कोहोलचा हिशेब आहे: आपल्या देशात पाच टक्क्यांच्या वर आणि आठपर्यंत असेल तर ती स्ट्राँग बिअर, मग ती गोडसर का असेना. कडूपणा मोजायला आयबीयू नावाचं वेगळं माप आहे. साधी लागर दहा-पंधराच्या घरात, आयपीए चाळीस ते सत्तर. पण आयपीएत अल्कोहोलही कमी नसतं, हे ध्यानात ठेवा. किंग्जची ३३० मिलीची पिंट सुमारे पाच टक्क्यांची धरली तर पोटात १६ मिली अल्कोहोल जातं. साडेसहा टक्क्यांच्या आयपीएचा ५०० मिलीचा कॅन म्हणजे ३२ मिली. एक कॅन, दोन पिंटा. खाली स्कूटर लावली असेल तर हा हिशेब आधीच करा, आम्ही टॅक्सी बोलावून देतो.

नावात "इंडिया" कसं आलं, हेही विचारतात. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसन यांची ब्रुअरी होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथून सुटत त्या गोदीच्या जवळ. हॉजसन कप्तानांना दीड-दीड वर्ष उधारी देत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जहाज चार ते सहा महिन्यांनी मुंबई, मद्रास, कलकत्त्याला पोहोचायचं, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडून. हॉप्स बिअर आंबट करणाऱ्या जंतूंना रोखतात, म्हणून गरम देशांत जाणाऱ्या बिअरमध्ये ते जास्त घालायची रीत होती. हॉजसननी खास भारतासाठी ही बिअर शोधून काढली, ही गोष्ट रंगवून सांगतात, पण तशी बिअर आधीपासूनच होती. १८२०च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप ब्रुअरीने हा धंदा ओढून घेतला. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम असल्याने कडूपणा अधिक खुलतो. प्यायचे मात्र साहेब लोक, साध्या गोऱ्या सोजिरांची बिअर काळी पोर्टर. आणि गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे!

आज तुमच्या ग्लासात आहे ती त्या बिअरची अमेरिकन नात. कॅस्केड नावाचा हॉप १९७२ला बाजारात आला, तिथून हा लिंबू-संत्र्याचा वास सुरू झाला. गंमत अशी, की आजी सहा महिने जहाजात टिकायची आणि नातीचा वास दोन-तीन महिन्यांत उडतो. कॅनवरची तारीख बघूनच घ्या, इथे आणि इतरत्रही.

प्यायचं कसं? किंग्ज बर्फासारखी गार, बाटलीनेसुद्धा चालेल. आयपीए ग्लासात ओता आणि पाच मिनिटं थांबा. फार गार असली की वास येत नाही, नुसता कडूपणा उरतो. रवा लावून तळलेल्या मांदेली-बोंबलांबरोबर आयपीए झकास, तेल कापते. झणझणीत शागुतीबरोबर मात्र आमचं मत किंग्जला, कारण हॉप्सच्या कडूपणाने तिखट आणखी चढतं. आमचा आचारी हे मानत नाही, तो शागुतीबरोबरही आयपीएच घेतो.

ठरत नसेल तर आधी चाखायला मागा, छोट्या ग्लासात देतो, पैसे नाहीत. २१ वर्षांखालच्यांना देत नाही, ओळखपत्र विचारलं तर राग मानू नका. आणि कॅन गावी न्यायचा विचार असेल तर तो इथेच संपवा: परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, बांद्याजवळ इन्सुलीला गाड्या तपासतात. त्यातून सुटलात तरी डिकीत तापलेल्या आयपीएत वास काही उरत नाही.