क्लिफहँगर

कथा, प्रकरण किंवा मालिकेचा भाग ऐन पेचात थांबवून उकल पुढच्या भागावर ढकलण्याचे कथनतंत्र. शब्दाचा मूळ अर्थ कड्याला लोंबकळणारा. टॉमस हार्डी यांच्या मासिकातून क्रमशः आलेल्या ‘अ पेअर ऑफ ब्लू आइज’ (१८७२–७३) या कादंबरीत हेन्री नाइट खरोखरच समुद्रकड्याला लटकतो, आणि तशा अवस्थेत त्याला समोरच्या खडकात ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्याचा जीवाश्म दिसतो. शब्दाचा उगम अनेकदा याच प्रसंगात शोधला जातो. पण तो रूढ झाला १९३०च्या दशकात, अमेरिकेतील चित्रपटमालिकांमुळे.

तंत्र मात्र फार जुने. ‘अरबी रात्रीं’तली शहरजाद पहाट होताच गोष्ट अर्धी सोडते; पुढचे ऐकण्यासाठी राजा तिचा वध लांबवतो आणि ती आणखी एक दिवस जगते. जुन्या चिनी कादंबऱ्यांत तर ‘पुढे काय झाले ते पुढच्या प्रकरणात ऐका’ अशा अर्थाचे ठरीव वाक्यच प्रकरणाच्या शेवटी येई.

आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्या चित्रपटमालिकांनी यात लबाडीही आणली. नायकासकट गाडी दरीत कोसळताना भाग संपे. पुढच्या भागात कळे, की त्याने आधीच उडी मारली होती. ती उडी आधी दाखवलेलीच नसे. प्रेक्षक हे ओळखून असत, तरी येत. नायक वाचणार हे ठाऊकच असते. म्हणून ‘कसा वाचेल’ आणि ‘काय गमावून’ हे प्रश्न अधिक टिकतात. दूरचित्रवाणीवर ‘डॅलस’ मालिकेने २१ मार्च १९८० रोजी जे. आर. युइंग या प्रमुख पात्रावर गोळी झाडणारा हात कोणाचा, हे झाकून ठेवले. त्यात कलाकारांचा संप झाला आणि उत्तर थेट २१ नोव्हेंबरला मिळाले.

अपूर्ण कामे अधिक लक्षात राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांचे १९२७ मधले निरीक्षण या तंत्राच्या समर्थनार्थ हमखास पुढे केले जाते. नंतरच्या प्रयोगांत ते दर वेळी टिकलेले नाही, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये.

क्लिफहँगरमध्ये उत्तराची उधारी असते; खुल्या शेवटात ती नसते. फ्रँक स्टॉक्टन यांच्या ‘द लेडी, ऑर द टायगर?’ (१८८२) या कथेत दोन दारांपैकी एक उघडण्याची शिक्षा झालेल्या प्रियकराला राजकन्या उजवे दार खुणावते. दारामागे वाघ की तरुणी, हे वाचकावर सोडून कथा संपते. तिसरा प्रकार, म्हणजे अपुरी राहिलेली कथा, अर्थातच तंत्र नव्हे: डिकन्स १८७० मध्ये वारले तेव्हा ‘एडविन ड्रूड’ या कादंबरीचे बारांपैकी सहाच हप्ते लिहून झाले होते. तिचे शेवट इतरांनी लिहून पाहिले आहेत.