भाड्याची बाके आणि दुपारची पंगत

न्यूयॉर्कच्या चेल्सी भागात, ९व्या अव्हेन्यूवर, होली अपॉसल्स नावाचे जुने एपिस्कोपल चर्च आहे. १९९४ नंतर कितीतरी वर्षे तिथे रंगीत काचांच्या खिडक्यांखाली गोल टेबले मांडून दुपारची पंगत बसत आली. जेवायला येणाऱ्याला पाहुणा म्हणायचे आणि त्याचे नाव-गाव, धर्म वा मिळकत विचारायची नाही, हा तिथला शिरस्ता. एपिस्कोपल चर्चच्या लोकोपयोगी कामाविषयी बोलताना अशा अन्नछत्रांचा उल्लेख हमखास येतो. पण चर्चच्या मुख्य सभागृहातच टेबले मांडता येतात, ती तिथे बाके नाहीत म्हणून, आणि बाकांची ही गोष्ट बरीच जुनी आहे.

मुंबईच्या फोर्टमधले सेंट थॉमस कॅथेड्रल ज्या अँग्लिकन परंपरेत उभे राहिले, तिचीच अमेरिकेतली शाखा म्हणजे एपिस्कोपल चर्च. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या राजाला धर्मप्रमुख मानणे शक्य नव्हते, म्हणून १७८९ मध्ये या मंडळीने स्वतःची वेगळी घटना केली. चर्चचा खर्च भागवण्याचा रूढ मार्ग होता बाकांचे भाडे. कुटुंबाने ठरावीक रक्कम भरून आपले बाक राखून ठेवायचे, मोक्याच्या बाकाला दर जास्त, आणि ज्याला ते परवडत नसे त्याने मागे किंवा सज्जात बसायचे. बसायलाच जागा नसलेला गरीब माणूस चर्चकडे फिरकेनासा झाला, यात नवल नाही.

ही चाल न्यूयॉर्कमध्ये मोडून काढणाऱ्यांत विल्यम ऑगस्टस म्यूलेनबर्ग हे धर्मगुरू अग्रभागी होते. १८४६ मध्ये ६व्या अव्हेन्यूवर सुरू झालेल्या त्यांच्या चर्च ऑफ द होली कम्युनियनमध्ये सगळी बाके सर्वांना मोकळी होती. त्याच वर्षी, वैद्यांचा पाठीराखा मानल्या जाणाऱ्या संत लूकच्या सणाला, जमलेल्या दानातला निम्मा भाग त्यांनी गरिबांच्या रुग्णालयासाठी बाजूला काढला. रक्कम अगदीच किरकोळ होती, पण १८५८ मध्ये तिच्यातूनच सेंट ल्यूक्स हॉस्पिटलची इमारत रुग्णांसाठी खुली झाली. तिथली शुश्रूषा अ‍ॅन एअर्स यांच्या भगिनीसंघाने सांभाळली. प्रोटेस्टंट मंडळींना असा संघ कॅथलिक वळणाचा वाटे, त्यामुळे त्यांना विरोधही सोसावा लागला. (म्यूलेनबर्ग यांच्या चर्चची इमारत पुढे विकली गेली आणि १९८०च्या दशकात तिथे लाइमलाइट नावाचा नाइटक्लब निघाला.)

पुढचा टप्पा स्टायव्हेसंट चौकातल्या सेंट जॉर्जेस चर्चचा. श्रीमंत कुटुंबे शहराच्या उत्तरेकडे सरकली होती आणि भोवताली स्थलांतरित कामगारांच्या दाटीच्या चाळी उभ्या राहिल्या होत्या. १८८३ मध्ये विल्यम रेन्सफर्ड यांना बोलावणे आले, तेव्हा बाके मोफत करावीत ही अट घालूनच त्यांनी पद स्वीकारले. ती मान्य करणाऱ्यांत चर्चचे विश्वस्त, बँकसम्राट जे. पी. मॉर्गन होते. मॉर्गन यांच्याच पैशातून १८८८ मध्ये शेजारी मेमोरियल हाउस बांधले गेले आणि तिथे मुलांचे क्लब व हस्तव्यवसायाचे वर्ग चालू लागले. उपासनेखेरीज आठवडाभर दारे उघडी ठेवणाऱ्या अशा चर्चना ‘संस्थात्मक चर्च’ म्हणू लागले. मॉर्गनसारख्याच्या देणगीवर कामगारांची सेवा करण्यातली विसंगती डोळ्यांआड करता येत नाही, तरी त्या पैशाने काम उभे राहिले हेही खरे.

होली अपॉसल्समध्ये अन्नछत्र सुरू झाले ते ऑक्टोबर १९८२ मध्ये, शहरात बेघरांची संख्या वाढत असताना. पहिल्या दिवशी ३५ जण जेवले. पुढे हा आकडा दिवसाला हजाराच्या वर गेला. १९९० मध्ये चर्चला मोठी आग लागली, पण दुसऱ्या दिवशीही जेवण चुकले नाही. डागडुजी करताना बाके पुन्हा बसवायची की नाही, असा प्रश्न आला आणि मंडळीने ती न बसवण्याचे ठरवले. तेव्हापासून रविवारी खुर्च्या ओळीने मांडल्या जात आणि उपासना आटोपली की सोमवारच्या जेवणासाठी पुन्हा टेबले लावली जात.