वंशशोध : पेन्सिल्व्हेनियातील जर्मन कुळांचा

अठराव्या शतकात ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यातून अमेरिकेत जाऊन वसलेल्या जर्मनभाषक शेतकरी-कारागिरांच्या वंशजांनी आपले मूळ गाव शोधणे आणि मधल्या पिढ्यांची साखळी कागदपत्रांच्या आधारे जुळवणे, म्हणजे हा वंशशोध. या समाजाला ‘पेन्सिल्व्हेनिया डच’ असे नाव पडले असले तरी हॉलंडशी त्याचा संबंध नाही. त्या काळच्या इंग्रजीत जर्मनांनाही ‘डच’ म्हणत. १६८३ मध्ये क्रेफेल्डची तेरा कुटुंबे ‘कॉन्कॉर्ड’ जहाजातून फिलाडेल्फियाला उतरली आणि शहरालगत जर्मनटाउन वसले. पुढे ऱ्हाईनकाठचा पॅलॅटिनेट प्रदेश, व्हुर्टेंबर्ग, बाडेन, आल्सास आणि स्वित्झर्लंड इथून माणसांची रीघ लागली. १७७५ पर्यंत या बंदरात उतरलेल्या जर्मनभाषकांची संख्या इतिहासकार ऐंशी हजारांच्या आसपास धरतात.

शोधाची सुरुवात बहुधा एका आडनावावरून, एका कौंटीच्या (जिल्ह्याच्या) नावावरून आणि घरात चालत आलेल्या एका गोष्टीवरून होते. ‘तिघे भाऊ आले, एक इथेच राहिला, एक दक्षिणेला गेला, एक पश्चिमेला’ ही गोष्ट इतक्या घरांतून ऐकू येते की पुराव्याशिवाय ती धरून चालू नये. म्यूलर म्हणजे गिरणीवाला, श्नायडर म्हणजे शिंपी, श्मिट म्हणजे लोहार. ही माणसे प्रत्येक गावात होती. एका कौंटीत तीन म्यूलर दिसले म्हणून ते भाऊ ठरत नाहीत.

मूळ गाव कळल्याशिवाय मात्र जर्मनीत पाऊल टाकता येत नाही. त्या काळी जर्मनी नावाचा एक देशच नव्हता. तीनशेच्या वर लहानमोठी संस्थाने होती आणि जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद ज्या त्या गावच्या चर्चमध्ये होई. ‘पॅलॅटिनेटहून आले’ एवढ्या माहितीवर कोणती वही उघडायची हे ठरत नाही.

जहाजांच्या याद्या

परभाषक लोकांचे लोंढे पाहून पेन्सिल्व्हेनियाचे प्रांतिक मंडळ धास्तावले आणि १७२७ च्या सप्टेंबरात नियम झाला, की प्रत्येक कप्तानाने प्रवाशांची यादी द्यावी आणि सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावी. जहाजे बहुतेक रॉटरडॅमहून निघत, जकातीसाठी इंग्लंडच्या बंदरात, पुष्कळदा काऊझला, थांबत आणि मग अटलांटिकला लागत. पहिली यादी ‘विल्यम अँड सॅरा’ या जहाजाची आहे. एकेका जहाजाच्या तीन याद्या असू शकतात : कप्तानाची, एकनिष्ठतेच्या शपथेची, आणि पोपची सत्ता व इंग्लंडच्या गादीवरचा स्टुअर्ट घराण्याचा दावा नाकारणाऱ्या शपथेची. आय. डॅनियल रप यांनी १८५६ मध्ये तीस हजारांहून अधिक नावांचा संग्रह काढला, पण त्यात वाचनाच्या चुका फार आहेत. राल्फ बीव्हर स्ट्रासबर्गर आणि विल्यम जॉन हिंके यांनी १९३४ मध्ये तीन खंडांत काढलेली आवृत्ती हीच आज आधाराची मानली जाते.

या तिन्ही याद्या शेजारी ठेवूनच वाचाव्यात. कप्तानाच्या यादीत नाव जसे इंग्रजी कानाला ऐकू आले तसे उतरते. शपथेच्या यादीत माणूस स्वतः सही करतो. ज्याला लिहिता येत नसे तो खूण करी. कारकून त्या खुणेच्या डावीकडे नाव आणि उजवीकडे आडनाव लिही. खूण म्हणजे कधी फुली, कधी वर्तुळ, तर कधी चाचपडत काढलेली नावाची आद्याक्षरे. स्ट्रासबर्गर-हिंके यांचा दुसरा खंड या सह्यांच्या छायाप्रतींनीच भरलेला आहे, आणि माझ्या मते तो तिन्हींत सर्वांत मोलाचा आहे. तीस वर्षांनी त्याच माणसाने मृत्युपत्रावर सही केली असेल तर हात थरथरलेला असतो, पण आडनावाच्या शेवटची लांब शेपटी तशीच वळते. एकाच नावाची दोन माणसे एका कौंटीत असली की कोण कोणत्या जहाजाने आला, हे पुष्कळदा एवढ्यावरच ठरते. यासाठी मूळ मृत्युपत्र पाहावे लागते. कौंटीच्या कचेरीतल्या बांधीव वह्यांमध्ये असते ती कारकुनाने केलेली नक्कल. तिच्यातली सही त्याच्याच हातची.

नावे

सख्ख्या चार भावांची नावे योहान गेओर्ग, योहान पीटर, योहान आडाम आणि योहान याकोब अशी सहज सापडतात. ‘योहान’ हे बाप्तिस्म्याचे जोडनाव. हाक मारण्याचे नाव दुसरे. म्हणून पीटरचा ‘जॉन’ करून टाकणे ही नवख्यांची हमखास चूक. ‘योहान्नेस’ हे मात्र पूर्ण, स्वतंत्र नाव आहे. एकाच आईबापांच्या वहीत तेच नाव दोनदा आले तर पहिले मूल दगावले असावे, असा अंदाज करून मृत्यूची नोंद शोधायची. काही पाद्री तेवढ्यासाठी बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीच लहानसा क्रूस काढून ठेवत.

आडनावे तीन वाटांनी बदलली. पॅलॅटिनेटच्या बोलीत ब-प, ड-ट, ग-क यांतला भेद इंग्रज कारकुनाच्या कानाला पकडता येत नसे, म्हणून एकच माणूस पाच कागदांवर पाच तऱ्हांनी दिसतो. दुसरी वाट इंग्रजी वळणाची : १७३८ मध्ये आलेल्या आंद्रेआस हूबर याच्या वंशात राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर झाले, तर आजच्या झारलँडमधल्या कार्ल्सब्रुन गावाहून १७४१ मध्ये आलेल्या हान्स निकोलाउस आयझेनहाउअर याच्या वंशात ड्वाइट आयझेनहॉवर. तिसरी वाट सरळ भाषांतराची. त्सिमरमानचा कार्पेंटर झाला आणि श्वार्त्सचा ब्लॅक. नावे न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी-केंद्रातल्या कारकुनांनी बदलली, असे अनेक घरांत सांगतात. ते केंद्र उघडले १८९२ मध्ये. या कुळांना येऊन तोवर दीडशे वर्षे लोटली होती.

शेजाऱ्यांचा माग

आडनाव असे सरकत असताना त्याचाच पाठलाग करणारा हमखास चुकतो. न सरकणारी गोष्ट म्हणजे शेजार. एका गावची माणसे एका जहाजात बसत, जवळजवळ जमिनी घेत, एकमेकांच्या मुलांचे धर्ममातापिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची हमी घेणारे) होत, एकमेकांच्या मृत्युपत्रांवर साक्षीदार म्हणून सह्या करत आणि आपल्या मुली एकमेकांच्या घरांत देत. म्हणून आपल्या पूर्वजाचे गाव लागत नसेल तर यादीत त्याच्या खाली-वर सही करणाऱ्यांची गावे शोधावीत. लँकेस्टर कौंटीत १७४० च्या सुमाराला बाप्तिस्म्याला उभी राहिलेली जोडपी नैऋत्य जर्मनीतल्या क्राइशगाउमधल्या एखाद्या खेड्याच्या वहीत दहा वर्षांपूर्वी शेजारी म्हणून दिसली, तर आपला माणूसही त्याच वहीत असण्याची शक्यता मोठी. एका कुळाचा शोध घेणाऱ्याने वीस कुळांची टिपणे ठेवावीत ती यासाठी. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याला पर्याय नाही.

इथेही एक अडचण आहे. सुरुवातीच्या वस्त्यांना स्वतःचा पाद्री नव्हता. योहान कास्पर श्टोव्हर याच्यासारखे लूथरपंथी पाद्री घोड्यावरून खोरी पालथी घालत आणि वही स्वतःजवळ ठेवत. श्टोव्हरच्या नोंदी १७३० पासून १७७९ पर्यंतच्या आहेत. म्हणून जवळचे चर्च कोणते हे न पाहता त्या वर्षी त्या भागात कोणता पाद्री फिरत होता हे पाहायचे. मेनोनाइट, आमिश आणि डंकर पंथांत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्माच होत नाही. त्यांच्या बाबतीत खरेदीखते, थडग्यांचे दगड आणि घरचे बायबल यांवर भिस्त ठेवावी लागते. क्रिस्टोफर सावर याने १७४३ मध्ये जर्मनटाउनला जर्मन बायबल छापले आणि अशा बायबलांच्या कोऱ्या पानांवर जन्ममृत्यू लिहिले जाऊ लागले. तिथेही छपाईचे वर्ष आधी पाहावे. त्या वर्षाआधीचे जन्म नंतर आठवणीने लिहिलेले असतात, आणि सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातच्या असल्या तर त्या एका बैठकीत उतरवलेल्या असतात.

वायझर कुळाचे उदाहरण

१७०८-०९ च्या भीषण हिवाळ्यानंतर पॅलॅटिनेट आणि आसपासच्या मुलखातून सुमारे तेरा हजार लोक लंडनला येऊन थडकले. त्यांपैकी तीन हजारांच्या आसपास लोकांना १७१० मध्ये न्यूयॉर्कला पाठवले, इंग्लंडच्या आरमारासाठी हडसनकाठच्या पाइनपासून डांबर काढायला. वाटेत आणि उतरल्यावर शेकडो मेले. व्हुर्टेंबर्गमधल्या ग्रोसआस्पाखचा विधुर योहान कोनराड वायझर मुलांसह त्यांत होता. गव्हर्नर रॉबर्ट हंटर याने मुलांना घरांतून काढून उमेदवारीवर, म्हणजे धंदा शिकत राबण्याच्या करारावर, बांधून दिले. वायझरचे दोन मुलगे लाँग आयलंडला गेले. पुढे वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या खटल्यामुळे प्रसिद्ध झालेला जॉन पीटर झेंगर हाही त्याच लाटेतला, छापखान्यात बांधला गेलेला पोर. अशा मुलांच्या वंशजांना घरची आठवण मिळत नाही. त्यांची नावे उमेदवारीच्या कागदांत शोधावी लागतात.

१६९६ मध्ये जन्मलेला मुलगा कोनराड याला बापाने मोहॉक या मूळ रहिवासी लोकांत एक हिवाळा ठेवले. तिथे तो त्यांची भाषा शिकला, १७२९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या तुल्पेहॉकेन खोऱ्यात आला आणि प्रांताचा दुभाषा झाला. त्याची मुलगी आना मारिया हिचे १७४५ मध्ये पाद्री हाइनरिख मेल्खिओर म्यूलेनबर्ग यांच्याशी लग्न झाले. त्यांचा पीटर स्वातंत्र्ययुद्धात सेनापती झाला, तर फ्रेडरिक १७८९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला सभापती. कोनराडने आपल्या कुळाची हकिगत स्वतः लिहून ठेवली म्हणून हे सारे सलग सांगता येते.

त्याच्या शेजाऱ्यांनी काही लिहिले नाही, आणि त्यांचे वंशज वर्षानुवर्षे चुकीच्या जागी शोधत राहतात. तुल्पेहॉकेनची पहिली कुटुंबे १७२३ मध्ये न्यूयॉर्ककडून समुद्राने न येता सस्केहाना नदीच्या वाटेने आली, त्यामुळे फिलाडेल्फियाच्या कोणत्याच जहाजाच्या यादीत ती नाहीत. त्यांच्यासाठी लंडनच्या १७०९ च्या याद्या आणि हंटरची शिध्याची खातेवही पाहावी लागते. तिच्यात कुटुंबप्रमुखाच्या नावापुढे दहा वर्षांवरची आणि दहाखालची माणसे किती, एवढेच लिहिलेले असते. हा आकडा एका तिमाहीत घटला तर घरात मृत्यू झाला असावा, असे समजून पुढे जायचे. जमिनीचे सुरुवातीचे कागदही मिळत नाहीत. जमीन लेनापे या मूळ रहिवाशांची होती आणि प्रांताने ती त्यांच्याकडून विकत घेतली १७३२ मध्ये.

जर्मनीतली दप्तरे

गाव लागले की पुढचा अडसर लिपीचा. नोंदी कुरेंट या धावत्या लिपीत आहेत. तिच्यातला ‘ए’ आजच्या ‘एन’सारखा दिसतो आणि ‘यू’ ओळखायला डोक्यावरच्या चंद्रकोरीसारख्या खुणेशिवाय दुसरा आधार नसतो. मोडी वाचायला बसलेल्याला ही दमछाक वेगळी सांगायला नको. तिथल्याप्रमाणेच इथेही एकाच लेखनिकाची दहा पाने वाचून त्याचे वळण डोळ्यांत बसवावे लागते. तारखांचे सापळे वेगळे. ‘७बर’ म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर (लॅटिन ‘सेप्टेम’ म्हणजे सात), ‘८बर’ ऑक्टोबर. इंग्रजी वसाहती १७५२ पर्यंत जुन्या (ज्युलियन) पंचांगावर चालत होत्या आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला बदले, तर प्रोटेस्टंट जर्मन संस्थानांनी १७०० मध्येच नवे पंचांग धरले होते.

खरा आनंद समासात मिळतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी पाद्र्याने नंतर बारीक अक्षरांत ‘पेन्सिल्व्हेनियाला गेले’ असे लिहिलेले सापडले, की दोन्ही काठ जुळतात. भूदासांना गाव सोडण्याआधी सुटकेची रक्कम भरावी लागे. तिच्या नोंदी कार्ल्सरूह आणि श्पायर इथल्या अभिलेखागारांत आहेत. चोरून गेलेल्यांची नोंद वारसाहक्क जप्त होताना झाली. व्हुर्टेंबर्गमध्ये प्रत्येक मृत्यूनंतर भांडी, अंथरुणे, जनावरे यांची मोजदाद होऊन वाटण्या होत आणि त्या कागदांत ‘मुलगा अमेरिकेत’ असा उल्लेख वीस-तीस वर्षांनीही मिळतो. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) मात्र अनेक गावांच्या वह्या जळाल्या. तिथे शोध थांबतो, आणि थांबला असे लिहून ठेवणे हाच प्रामाणिकपणा.

याच वह्यांचा एक भयंकर उपयोगही झाला. १९३३ नंतर नाझी राजवटीने आजी-आजोबांचे बाप्तिस्मे दाखवून ‘आर्य’ असल्याचे सिद्ध करायला लावले आणि पाद्र्यांच्या कपाटांतून काढलेल्या याच नोंदींवर ज्यूंना वेगळे काढले. आज प्रोटेस्टंट वह्यांचा मोठा भाग ‘आर्किऑन’ या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतो. अलीकडच्या सरकारी नोंदींना मात्र संरक्षण आहे : जन्माला ११० वर्षे, लग्नाला ८०, मृत्यूला ३०. जनुकीय चाचणीने दोन शाखा एका कुळाच्या आहेत का हे कळू शकते. गावाचे नाव ती सांगत नाही.

स्त्रिया

जहाजांच्या याद्यांत बायका जवळजवळ नाहीतच, म्हणून अर्धी वंशावळ सुरुवातीलाच हरवते. जर्मन वह्यांत आडनावाला ‘इन’ जोडून ‘वायझरिन’ असे लिहीत. मृत्युपत्रांत नवरा बायकोसाठी कोणती खोली, किती गहू, किती सरपण आणि कोणती गाय हे तपशिलाने लिहून ठेवी, पण तिचे माहेर लिहीत नसे. ते मिळते टाउफशाइनवर. हे बाप्तिस्म्याचे चित्रमय पत्र : मध्ये अलंकारिक अक्षरांत मजकूर, भोवती पोपट, ट्युलिप आणि हृदये, मजकुरात आईचे माहेरचे आडनाव, वस्ती, कौंटी आणि धर्ममातापित्यांची नावे.

घरात असे पत्र नसेल तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली स्वातंत्र्ययुद्धाच्या निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहावीत. १८३६ आणि १८३८ च्या कायद्यांनी सैनिकांच्या विधवांना वेतन मिळू लागले आणि त्यासाठी लग्नाचा पुरावा लागे. म्हाताऱ्या बायकांनी बायबलमधली नोंदींची पाने फाडून आणि मुलांची टाउफशाइने घडी घालून अर्जासोबत पाठवली. ती परत गेली नाहीत. पोपट-ट्युलिपांसकट ती अजून त्या प्रकरणांतच आहेत.